फाईल, मुद्देमाल आणि बाहेरच्या बाकावरचा साक्षीदार : सरकारी वकिली कशी करावी

मी नऊ वर्षं दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता होते. नंतर नोकरी सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली सुरू केली आणि पुढची तेरा वर्षं सेशन कोर्टात अतिरिक्त सरकारी वकील म्हणून उभी राहिले. या काळात हाताखाली शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारला : 'मॅडम, उलटतपासणी कशी घ्यायची?' सरकारी वकिलाच्या वाट्याला उलटतपासणी फार थोडी येते. ती बचाव पक्षाची. आपलं काम सरतपासणीचं, म्हणजे आपल्याच साक्षीदाराकडून, उत्तर त्याच्या तोंडात न घालता, घडलेलं सगळं कोर्टापुढे आणायचं. हे जास्त अवघड आहे आणि त्याची तयारी कोर्टात उभं राहण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. म्हणून हा लेख त्या तयारीवरच आहे.

आधी या कामात शिरायचं कसं, ते थोडक्यात सांगते. दोन वाटा आहेत. पहिली लोकसेवा आयोगाची. सहायक सरकारी अभियोक्ता, गट-अ हे पद आयोगाच्या परीक्षेतून भरलं जातं, त्यासाठी वकिलीचा अनुभव लागतो आणि काम दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात असतं. वय, अनुभव, गुण यांच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, ऐकीव माहितीवर अर्ज भरू नका. दुसरी वाट सेशन कोर्टातल्या नेमणुकीची. सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी वकील होण्यासाठी किमान ७ वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकिलासाठी १० वर्षांची. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि आता ती कलम १८ मध्ये आहे. सहायक अभियोक्ता म्हणून केलेली नोकरी या वर्षांत धरली जाते, ही गोष्ट बऱ्याच मुलांना माहीत नसते. टीव्हीवर उज्ज्वल निकमांना पाहून पुष्कळ जण या क्षेत्राकडे वळतात. त्यात गैर काही नाही, पण निकमसुद्धा जळगावच्या कोर्टातून वर आले, हे लक्षात ठेवा. माझं ऐकाल तर निदान काही वर्षं तालुक्याच्या कोर्टात काढा. तिथे दिवसाला पन्नास-साठ प्रकरणं बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, असतात आणि पोलिसांचा कागद कसा तयार होतो ते तिथेच कळतं.

दोषारोपपत्र फिर्यादीपासून वाचू नका

फिर्याद आधी वाचली की डोक्यात एक चित्र तयार होतं आणि पुढचा प्रत्येक कागद आपण त्या चित्रात बसवत जातो. विसंगती दिसेनाशा होतात. बचावाच्या वकिलाला मात्र त्या बरोबर दिसतात. म्हणून मी घटनास्थळाच्या पंचनाम्यापासून सुरुवात करते. फुलस्केप कागदावर पेन्सिलनं जागेचा नकाशा काढते : घर, ओटा, रस्ता, विहीर, विजेचा खांब. खांब कागदावर नसेल तर तिथेच प्रश्नचिन्ह टाकते. रात्रीची घटना असेल आणि तीन साक्षीदार 'उजेडात ओळखलं' म्हणत असतील, तर तो उजेड कुठून आला, हे कोणत्या ना कोणत्या कागदावर असायला हवं.

त्यानंतर इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल, किंवा जखमेचं प्रमाणपत्र. जखमा मोजायच्या आणि प्रत्येकीसमोर लिहायचं की ही कोणत्या हत्यारानं, कोणत्या साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे झाली. साक्षीदार दोन वार सांगतो आणि डॉक्टर पाच जखमा लिहितात, तर उरलेल्या तीन कशाच्या? पडल्याच्या असतील, ओढत नेल्याच्या असतील. तो प्रश्न डॉक्टरांना आपण विचारायचा, समोरच्याची वाट पाहायची नाही. मग केमिकल अ‍ॅनालायझरचा, म्हणजे रक्त वगैरे तपासणाऱ्या सरकारी लॅबोरेटरीचा अहवाल. शेवटी फिर्याद आणि जबाब.

एक तक्ता कायम ठेवा, वेळेचा. घटना किती वाजता, ठाण्यात खबर किती वाजता, गुन्हा दाखल किती वाजता, खबरीची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे कोणत्या तारखेला पोचली, कोणाचा जबाब कोणत्या दिवशी. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब सहा दिवसांनी घेतला असेल तर त्याचं कारण तपासी अंमलदाराला आजच विचारा. तो इस्पितळात होता का? घाबरून मामाच्या गावी गेला होता का? कारण खरं असेल तर त्याचा कागद मिळतो. दोन वर्षांनी, अंमलदाराची तीन ठिकाणी बदली झाल्यावर, काही मिळत नाही.

दोषारोपपत्र दाखल होण्याआधी पोलीस तुमच्याकडे ते तपासायला आणतील, तेव्हाच उणिवा लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं विरतं. आरोपी कोठडीत असेल तर ६० किंवा ९० दिवसांची मुदत डोक्यावर असते, ती चुकली की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून अंमलदाराला शेवटच्या आठवड्यात येऊ देऊ नका. खटला सुरू झाल्यावरही पुढील तपास करता येतो, पण नव्या कायद्यानं त्याला कोर्टाची परवानगी लागते आणि ९० दिवसांची मर्यादाही आहे.

परिस्थितीजन्य पुराव्याचा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसलेला खटला असेल तर शरद सारडा खटल्याचा १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधी वाचा. पुण्यातलंच ते प्रकरण. त्यात सांगितलेल्या पाच कसोट्यांना वकील मंडळी 'पंचशील' म्हणतात. मी त्या पाच ओळी फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिते आणि प्रत्येकीखाली आपल्याकडचा पुरावा मांडते. एखादीखालची जागा रिकामी राहिली तर ती खटल्याच्या आधी मला कळलेली असते.

मुद्देमाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

हा धडा मी फार मोठी किंमत मोजून शिकले. किंमत माझी नव्हती, म्हणून ती अजून सलते.

सेशनमधली माझी सुरुवातीची वर्षं. शेताच्या बांधावरून झालेला खून. आरोपीनं पोलिसांना निवेदन देऊन लपवलेल्या जागेतून काढून दिलेला कोयता, रक्ताचा अहवाल जुळलेला. जप्तीचा पंच शिंपीकाम करणारा, आपल्या म्हणण्यावर ठाम माणूस. सरतपासणी छान चालली होती. मी मुद्देमाल दाखवायला सांगितला. खाकी कागदाचं पुडकं, सुतळी, लाखेचं सील. शिपायानं कात्रीनं सुतळी कापली. आतून कोयता निघाला आणि त्याच्या मुठीला बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गुन्हा रजिस्टर नंबर भलत्याच गुन्ह्याचा. पंचानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, 'सही माझीच आहे, पण नंबर कसा काय वेगळा...'

ठाण्यातल्या मुद्देमाल कक्षात कोणीतरी चिठ्ठी लिहिताना चूक केली होती. कोयता तोच असणार. पण 'असणार' या शब्दाला फौजदारी खटल्यात किंमत नाही. आरोपी सुटला. मयताची बायको निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून होती. तिनं मला एवढंच विचारलं, 'बाई, नंबर चुकला म्हंजी काय झालं?' मी आदल्या दिवशी मुद्देमाल पाहिला असता तर मुद्देमाल रजिस्टर मागवलं असतं, लॅबोरेटरीला पाठवलेलं पत्र आणि त्यांची पोच काढली असती, त्या हवालदाराला साक्षीदार म्हणून बोलवायचा अर्ज दिला असता. तो नंबर कसा चुकला हे कोर्टापुढे सरळ मांडता आलं असतं. मी पाहिलं नव्हतं. तो दोष माझा.

तेव्हापासून माझा नियम आहे. पंचाच्या साक्षीच्या आदल्या दिवशी नाझरकडे, म्हणजे मुद्देमाल सांभाळणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडे जायचं, यादी हातात घेऊन प्रत्येक पुडक्यावरचा नंबर, सील, सह्या पाहायच्या. पुडकं उघडायचं नाही, बाहेरून दिसेल तेवढं पाहायचं. आत काय निघायला हवं ते पंचनाम्यावरून लिहून ठेवायचं : कोयत्याच्या पात्याची लांबी, मुठीला गुंडाळलेली तार, गंजाचा डाग. चिठ्ठी पुडक्याच्या आत असेल तर वस्तू लॅबोरेटरीकडून परत आली तेव्हाचं पत्र रजिस्टरशी ताडायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

मोबाईल, सीसीटीव्ही असेल तर मुद्देमाल पाहून भागत नाही. जालन्याच्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालत नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात, दोन भागांत आणि हॅश व्हॅल्यूसह (फाईलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा आकडा) द्यावं लागतं. दुकानदारानं पेन ड्राइव्ह दिला, पोलिसांनी घेतला, प्रमाणपत्र कोणी मागितलंच नाही, हे अजूनही घडतं. फाईल हातात आली की पहिल्या दिवशीच हे तपासा.

साक्षीदार बाहेरच्या बाकावर बसलेला असतो

तो पहाटेची एसटी पकडून आलेला असतो. दिवसाचा रोज बुडालेला असतो. मागच्या दोन तारखांना परत पाठवलेला असतो. आरोपीचे भाऊबंद समोरच्या चहाच्या टपरीवर उभे असतात. अशा माणसाला पुकारा झाल्यावर पहिल्यांदा भेटाल तर तो तुम्हाला परका समजेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

कोर्ट बसण्याआधी तासभर या. 'जेवलात का, पाणी हवं का' हे आधी. मग त्याचा पोलिसांपुढचा जबाब त्याला वाचून दाखवा. हे करणं योग्य आहे, दोन वर्षांपूर्वीचं माणसाला आठवत नाही. पण जबाबात नसलेलं एक अक्षरही सुचवू नका. मी प्रत्येकाला तीनच गोष्टी सांगते : पाहिलं तेवढंच सांगा, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, आणि समोरचे वकील चिडवतील तेव्हा न्यायाधीश साहेबांकडे बघून उत्तर द्या. साक्षीदार भत्त्याचा अर्ज त्याच वेळी भरून घ्या. पैसे थोडे असतात, पण आपली कोणी दखल घेतली याचा आधार त्याला मोठा असतो.

प्रश्न आखूड ठेवा. 'तुम्ही कुठे होता?' 'काय पाहिलं?' 'मग?' या 'मग?'नं मला जेवढं मिळालं तेवढं कोणत्याच लांब प्रश्नानं मिळालं नाही. एका आजींना मी विचारलं होतं, 'आरोपी तुमच्यापासून किती फुटांवर होता?' त्या गप्प. बचावाचे वकील खूश. मग मी विचारलं, 'आजी, तुमच्या गोठ्यापासून म्हणता की विहिरीपासून?' त्या लगेच म्हणाल्या, 'दावणीपास्नं उकिरड्यापत्तुर, तेवढाच.' पंचनाम्याच्या नकाशात दावण होती, उकिरडा होता, दोहोंमधलं अंतर बारा फूट लिहिलेलं होतं. नकाशा आधी काढलेला असल्यामुळे मला ते तिथल्या तिथे सापडलं.

साक्ष टाईप होताना पडद्याकडे लक्ष ठेवा. साक्षीदार बोलतो एक आणि कागदावर उतरतं दुसरं, असं मुद्दाम कोणी करत नाही, पण होतं. बाई म्हणते, 'दिवेलागणीला त्यानं काठीनं हाणलं.' टाईप होतं, 'रात्री आरोपीने मारहाण केली.' उन्हाळ्यात दिवेलागणीला अजून संधिप्रकाश असतो, चेहरा ओळखता येतो. 'रात्री' लिहिलं की तो प्रकाश गेला. 'हाणलं' एकदा, 'मारहाण' किती वेळा? तिथल्या तिथे उभं राहून विनंती करा : साहेब, साक्षीदाराचा शब्द तसाच घ्यावा. पोलिसांच्या जबाबातही हीच भाषांतरं झालेली असतात, आणि मग बचाव पक्ष जबाबातल्या तेवढ्या वाक्यावर 'पोर्शन मार्क ए' अशी खूण करून साक्षीतली विसंगती सिद्ध करतो. तपासी अंमलदाराच्या साक्षीत त्याचं स्पष्टीकरण घ्यायला विसरू नका.

साक्षीदार फितूर झाला तर चिडू नका. आधी ओळखा, तो का फिरला. पैसे घेतले, की दमदाटी झाली, की पोलिसांनी त्याच्या नावावर भलतंच लिहिलं होतं? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टाची परवानगी घेऊन त्याला उलट प्रश्न विचारताना सगळा जबाब सलग वाचून 'हे खरं नाही का' असं विचारणं सर्वांत निरुपयोगी. एकेक गोष्ट वेगळी काढा : त्या दिवशी गावात होता? आरोपीला ओळखता? मयताला दवाखान्यात कोणी नेलं? फितूर माणूस बरंच खरं बोलून जातो आणि त्याची साक्ष पूर्ण पुसली जात नाही, विश्वास ठेवण्याजोगा भाग कोर्ट घेऊ शकतं. दमदाटीची शंका आधीच असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करायला लावा. ही योजना २०१८ ची, सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेली, आणि निर्णय घेणाऱ्या समितीचे प्रमुख जिल्हा न्यायाधीशच असतात.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलाशी बोलायची रीत वेगळी. कायद्यानं प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात, आरोपी मुलाच्या नजरेस पडता कामा नये आणि मुलाला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नसतं. मी काळा कोट काढून ठेवते, मुलाच्या शेजारी खाली बसते आणि त्या दिवशी दुसरं कोणतंही काम बोर्डावर घेत नाही.

लहान प्रकरणं

पंढरपूरला असताना आषाढीनंतर पाकीटमारीची आणि मंगळसूत्रं तोडल्याची प्रकरणं यायची. फिर्यादी परभणीची, नांदेडची, पायी आलेली. दागिना पोलिसांनी पकडला तरी तो मुद्देमाल म्हणून पडून, आणि ती बाई गावी. खटला चालेल तेव्हा ती पुन्हा यायची कुठून? मी एक पद्धत ठेवली. एकादशीनंतर दोन-तीन दिवसांत, ती पंढरपुरात असतानाच, दागिना परत मिळण्याचा अर्ज तिला भरायला लावायचा आणि त्यावर 'हरकत नाही' असा से, म्हणजे सरकारी बाजूचं लेखी म्हणणं, द्यायचा, अट एकच : फोटो, वजनासह पंचनामा आणि बंधपत्र. एका माउलीनं परत मिळालेल्या मंगळसूत्रातले काळे मणी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून मोजले होते. दोन कमी भरले. तिनं ते तिथेच गळ्यात घातलं आणि मगच उठली. नव्या संहितेत तर मालाची नोंद १४ दिवसांत आणि विल्हेवाट त्यानंतर ३० दिवसांत करायची तरतूद आहे. तिचा वापर करा.

जामिनाच्या अर्जावरचा से छापील मजकुराचा देऊ नका. 'आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल' हे वाक्य प्रत्येक अर्जावर लिहिलं तर ज्या प्रकरणात ते खरं आहे तिथेही कोणी वाचणार नाही. चोरीच्या पहिल्या गुन्ह्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा, माल मिळालेला, पत्ता पक्का : तिथे मी 'योग्य तो हुकूम व्हावा' लिहिते. पोलीस नाराज होतात. होऊ द्या.

तुम्ही फिर्यादीचे वकील नाही

शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की सरकारी वकिलानं काहीही करून शिक्षा मिळवायच्या मागे लागायचं नसतं, आरोपीच्या बाजूचं काही असेल तर तेही त्यानं कोर्टापुढे आणायचं असतं. वाचायला सोपं आहे. माझ्यावर वेळ आली ती दरोड्याच्या एका खटल्यात.

ओळख परेडमध्ये दोघांना ओळखणारा साक्षीदार, म्हातारा दूधवाला, बाहेरच्या बाकावर बसला होता. नायब तहसीलदारांनी तुरुंगात घेतलेली परेड, कागद निर्दोष. मी सहज विचारलं, 'बाबा, चेहरे आठवत होते का नीट?' ते म्हणाले, 'आठवायला काय, आदल्या रोजी चौकीत दावलं होतं की.' त्यांना यात काही वावगं आहे याची कल्पनाच नव्हती.

पुकारा व्हायला वीस मिनिटं होती. मी तपासी अंमलदाराला बाजूला घेऊन सांगितलं की हा प्रश्न मी सरतपासणीतच विचारणार. त्यांनी खूप समजावलं : आरोपी सराईत आहेत, मॅडम, तुम्हालाही माहीत आहे. माहीत होतं. मी विचारला. म्हाताऱ्यानं जसं मला सांगितलं तसंच कोर्टात सांगितलं. दोघेही सुटले. त्या अंमलदारानं पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पण त्याच्यानंतर त्या ठाण्याकडून आलेल्या एकाही आरोपीला परेडआधी दाखवल्याचं मला आढळलं नाही, आणि मी 'ही ओळख खरी आहे' म्हणून उभी राहिले की त्या कोर्टात ते ऐकलं जायचं.

खटला मागे घेण्याच्या अर्जालाही हीच गोष्ट लागू. आंदोलनातले गुन्हे मागे घ्यायचं सरकार ठरवतं, पत्र येतं. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खालचा अर्ज तुमच्या सहीचा असतो आणि निर्णय तुम्ही स्वतः विचार करून घेतल्याचं कोर्टाला दिसावं लागतं. फाईल वाचा. काचा फोडल्या तेव्हा आत कोणी जखमी झालं होतं का ते पाहा. नव्या कायद्यानं पीडिताचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे, म्हणून त्याचा पत्ता अर्जासोबत द्या.

निकालाच्या संध्याकाळी

दोन कामं त्याच दिवशी करायची. निर्दोष सुटका झाली असेल तर निकालाच्या प्रतीसाठी अर्ज, कारण अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे आणि प्रस्ताव वरपर्यंत जायला वेळ लागतो. अपील करण्याजोगं नसेल तर तसं मत कारणांसह लिहा, जबाबदारी टाळण्यासाठी शिफारस करू नका.

आणि साक्षीदारांना फोन. शिक्षा झाली असो वा नसो. डायरीच्या मागच्या पानावर प्रत्येक खटल्यातल्या साक्षीदारांचे नंबर मी लिहून ठेवते. उकिरड्यापर्यंतचं अंतर सांगणाऱ्या आजींच्या घरी फोन नव्हता, तर शेजारच्या किराणा दुकानात केला. दुकानदारानं हाक मारून त्यांना बोलावलं. दोन मिनिटं नुसता त्यांच्या चालण्याचा, काठीचा आवाज येत होता. मी शिक्षा सांगितली. त्यांनी विचारलं, 'आता पुना यायचं न्हाई ना?' नाही म्हटल्यावर म्हणाल्या, 'मग बरं झालं. म्हस व्यालीय.'